काचेच्या टाकीतली बारावी सोनी

माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो माशांनी. पोलिसांनी नाही, वकिलांनी नाही, आमच्या खाली बँड वाजवणाऱ्या मंडळींनीही नाही. हे वाचून संपादकांचा चेहरा पडणार, कारण त्यांनी फोनवर मला बजावलं होतं, "नंदाताई, अंक दिवाळीचा असला तरी तुमचा विषय गंभीर आहे. वाचकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मी हो म्हटलं. समोरच्याला हो म्हणून टाकायची मला जुनी खोड आहे. पण अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी असलेल्या त्या केंद्रात मी इतकी वर्षं काढली आणि रडले कमी, हसले जास्त, हे खरं आहे. मुलं आमच्याकडे रडायला येतच नसत. बहुतेकांना पहिल्या पाच मिनिटांत भूक लागायची.

केंद्र परळला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, तीन खोल्यांत. खाली लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या बँडचं दुकान. आमचं काम काय, ते सांगते. एखाद्या मुलाबरोबर वाईट काही घडलं, तर पूर्वी ते त्याला शाळेत बाईंना सांगावं लागायचं, मग चौकीत हवालदाराला, मग साहेबांना, मग डॉक्टरांना, मग आणखी कुणाकुणाला. प्रत्येकजण पहिल्यापासून विचारणार आणि शेवटी म्हणणार, "नक्की का?" पाचव्या वेळेला मूल स्वतःच विचारात पडायचं, की नक्की का? आमच्याकडे ते एकदाच, एकाच माणसाला, रंगीत गाद्यांच्या खोलीत बसून सांगायचं. पोलीस शेजारच्या खोलीत टीव्हीवर बघायचे. कोर्टात पुन्हा बोलावं लागे, ते आमच्या हातात नव्हतं.

विचारायचं काम मेघनाचं. फणसवाडीत वाढलेली, मानसशास्त्र शिकलेली, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि दुप्पट कडक. माझं काम सोबतीचं. मूल दारातून आत आल्यापासून केसचा निकाल लागेपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं, दवाखान्यात, कोर्टात, आणि कोर्टाचं स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधायलाही. मी लालबागच्या चाळीतली, वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर. केंद्रात येण्याआधी वीस वर्षं बालवाडीत मुलांची नाकं पुसली होती, तीच माझी पदवी.

आता नियम. पहिला नियम, पोलिसांनी गणवेशात यायचं नाही. आमच्याकडे यायच्या त्या जाधव मॅडम. पहिल्या वेळी त्यांच्या कपाटात साधे कपडे नव्हते, म्हणून चौकीतल्या कुणाची तरी हळदीकुंकवासाठी आणलेली जरीची साडी नेसून आल्या. समोरच्या मुलाने विचारलं, "लग्न कुणाचं आहे?" पुढच्या वेळी सलवार-कमीज आली, पण पायांत तेच तपकिरी पोलिसी बूट. मुलं बुटकी असतात, त्यांना माणूस आधी पायाकडून दिसतो. मग मी दाराशी रबरी चपलांचा एक जोड ठेवला, आणि जाधव मॅडम आमच्याकडे त्या फटफट वाजवत चालायला लागल्या.

दुसरा नियम, उत्तर तोंडात घालायचं नाही. 'त्याने तुला मारलं का?' असं विचारायचं नाही. 'काय झालं ते सगळं सांग' म्हणायचं, आणि मग गप्प बसायचं. आणि 'का' तर अजिबात विचारायचं नाही, कारण 'का गेलीस?' म्हटलं की मुलाला वाटतं चूक आपलीच. ही सवय इतकी अंगात मुरली की घरी आमच्या मिस्टरांचे हाल झाले. ते जेवताना तोंड वाकडं करायचे आणि मी विचारायचे, "आमटीबद्दल सगळं सांगा." ते म्हणायचे, "मीठ जास्त आहे." मी म्हणायचे, "मग काय झालं?" शेवटी ते बहिणीकडे जेवायला जाऊ लागले.

तिसरा नियम मुलांचा लाडका. मेघना सुरुवातीला सांगायची, "इथे आपण फक्त खरं बोलतो. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं. आणि मी चुकले तर मला सांगायचं." मग सराव. ती म्हणायची, "तू साठ वर्षांचा आजोबा आहेस ना?" मूल खूश होऊन ओरडायचं, "नाही!" मग विचारायची, "माझ्या मांजरीचं नाव काय?" इथे 'माहीत नाही' हे उत्तर अपेक्षित. एका मुलाने बेधडक सांगितलं, "मनी." मांजरीचं नाव खरोखरच मनी होतं. मेघनाला खोटं बोलता येईना, खरं सांगावं तर सरावाची वाट लागणार. त्या रविवारी तिने घरी बारसं करून मांजरीचं नाव सिद्धेश्वरी ठेवलं.

आणि मग टाकी. एका देणगीदारांनी बाहेरच्या खोलीसाठी माशांची टाकी दिली. मासे पाहिल्याने मुलांचं मन शांत होतं, असं ते कुठेतरी वाचून आले होते. टाकीत एक सोनेरी मासा होता, त्याचं नाव मुलांनी सोनी ठेवलं. सोनी महिन्याभरात मेली. माझा संशय खालच्या ढोलवाल्यावर होता, तो सुरू झाला की टाकीतलं पाणी थरथरायचं. आता दर शनिवारी येणाऱ्या मुलांना मेलेली सोनी कशी दाखवायची? आधीच त्यांच्या डोक्याला कमी ताप आहे का? मी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन तशीच दुसरी आणली. ती मेल्यावर तिसरी. डब्यात पाणी घालून, पदराखाली झाकून, चोरासारखी जिना चढायचे. मेघनाला माहीत होतं, पण ती दुसरीकडे बघायची. मुलं मात्र आमच्या सोनीच्या तब्येतीचं कौतुक करायची.

अशात पारू आली. नाव बदललंय, वाडीही सांगत नाही. कोळ्यांची मुलगी, आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि बडबड अशी की ढोलवाला थांबावा. वर्गात तिच्या तोंडून काही निसटलं, ते ऐकून शाळेतल्या बाईंनी कळवलं आणि प्रकरण आमच्यापर्यंत आलं. ज्याच्याबद्दल ती बोलली होती तो माणूस धक्क्यावरून बर्फ आणि माशांच्या पाट्या टेम्पोने पोचवायचा. पारूच्या आईने त्याला भाऊ मानलेला. वडील नव्हते, सगळा धंदा आईच्या डोक्यावर आणि त्याच्या टेम्पोवर.

पहिल्या भेटीत आम्ही त्या विषयाचं काही विचारत नाही, नुसती ओळख करतो. पारूने ओळख करून दिली ती अशी, की तिच्या काकाच्या जाळ्यात एक मासा आला, त्याचं पोट फाडलं तर आत टीव्ही निघाला, आणि तो चालू होता. मी विचारलं, "मग काय झालं?" ती म्हणाली, "बातम्या लागलेल्या." मला हसू आवरेना. इतकी आवडली ती गोष्ट की संध्याकाळी पारूच्या फाइलमध्ये मी ती हौसेने लिहून ठेवली. हा शहाणपणा पुढे फार महाग पडणार होता.

तिची आई, हिराबाई, दाराजवळ टोपली मांडीशी घेऊन बसली होती. ती मला म्हणाली, "बाय, ही पोर लय बाता मारते. सगल्या वाडीला ठावं हाय. हिचं काय मनावर घेऊ नको." पारूने ते ऐकलं. ती टाकीकडे जाऊन काचेला नाक लावून उभी राहिली. केस होईल, न होईल, ते सोडा. आपली आई आपलं खरं मानते की नाही, एवढाच त्या पोरीचा प्रश्न होता, आणि तो पुढे दोन वर्षं तसाच राहिला.

दुसऱ्या भेटीला, म्हणजे बोलायच्या दिवशी, पारू आली ती थेट टाकीपाशी. मधल्या मंगळवारी अकरावी सोनी गेली होती आणि मी बारावी आणून सोडली होती. पारूने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ही ती नाय."

मी म्हटलं, "तीच आहे गं."

"तिच्या कल्ल्यापाशी पांढरा ठिपका होता."

"गेला असेल. थोडी जाड झालीये, म्हणून तुला तसं वाटतं."

कोळ्याच्या पोरीला मी, डाळभातावर वाढलेली बाई, मासा ओळखायला शिकवत होते. पारूने माझ्याकडे जे पाहिलं, ते मला आजही नको वाटतं. मग ती मेघनाबरोबर आत गेली आणि मी जाधव मॅडमच्या शेजारी टीव्हीसमोर जाऊन बसले.

मेघनाने सुरुवात केली, "इथे आपण फक्त खरं बोलतो."

पारूने विचारलं, "तुम्हीपण?"

"हो."

"त्या बाहेरच्या मावशीपण?"

"हो, सगळेच."

पारूने हाताची घडी घातली. त्यानंतर मेघनाने काहीही विचारलं तरी तिचं एकच उत्तर, "माहीत नाही." शाळेचं नाव? माहीत नाही. आवडता खाऊ? माहीत नाही. आम्हीच शिकवलेलं उत्तर ती आम्हाला परत देत होती. खालून सनई-क्लॅरोनेटचा सराव सुरू झाला. ते सगळं कॅमेऱ्यात येत होतं. जाधव मॅडम पाय हलवत होत्या आणि रबरी चप्पल जमिनीवर टपटप वाजत होती.

अर्ध्या तासाने मेघना बाहेर आली. "नंदाताई, बाहेर काय झालं? सगळं सांगा." मी सगळं सांगितलं. ठिपक्यासकट. ती नुसती खुर्चीत बसली. 'इथे आपण फक्त खरं बोलतो' हे वाक्य तिने स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं होतं, आणि त्याच्या बरोब्बर खाली ती टाकी होती.

मग आमची चर्चा. सोबतीच्या बाईने मधेच मुलाशी बोलायचं की नाही, याचा कुठल्याच पुस्तकात नियम नव्हता. मेघना म्हणाली, केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मी म्हटलं, माशाबद्दल बोलते. जाधव मॅडमनी निकाल दिला, "कबुली देऊन टाका ताई. कबुलीने शिक्षा कमी होते."

माझ्या डोक्यात मात्र तेव्हा आमचे बाबा होते. संप विझला आणि त्यांना गिरणीने परत घेतलं नाही. ते आम्हाला म्हणाले, घेतलं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी परतायचे. पूर्वी ते घरी आले की केसांत, भुवयांवर कापसाची तूस असायची. आता डोकं अगदी स्वच्छ. आम्हा तिघा भावंडांना पहिल्याच दिवशी कळलं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते खोटं बोलत राहिले आणि आम्ही त्यांच्याशी. वर्षभर घरात कुणी कुणाशी धड बोललंच नाही. हे सगळं माहीत असून मी अकरा मासे बदलले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मी पारूपुढे गादीवर बसले. "सोनी मंगळवारी मेली. मी दुसरी आणली आणि तुला खोटं सांगितलं. चुकलं माझं."

पारूने घडी सोडली नाही. "सगळं सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. क्रॉफर्ड मार्केट, डबा, पदर.

"आधी किती मेल्या?"

"अकरा."

"मग काय झालं त्यांचं?"

"बँडवाल्यांच्या मांजरीला दिल्या."

तिने मान हलवली. ही व्यवस्था तिला पटलेली दिसली. मग तिने तो आम्हाला मना असलेला प्रश्न विचारला. "का खोटं बोललात?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मेल्या माशाचं मला काय वाईट वाटणार? आमच्या घरात रोज पाटीभर असतात." तिने हाताची घडी सोडली. "तुम्ही खोटं बोललात, त्याचं वाटलं."

मी पुन्हा सॉरी म्हटलं आणि बाहेर आले. जिन्यावरून वाकून बँडवाल्यांना हात जोडले, त्यांनी क्लॅरोनेट खाली ठेवलं. आत पारू पंचवीस मिनिटं बोलली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते, की तिने ते धक्क्यावर आलेल्या मालाची यादी सांगावी तसं एकामागून एक सांगितलं. त्यात कुठेही टीव्ही नव्हता. जाधव मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि लिहीत राहिल्या.

त्यानंतर टाकीवर मी एक पाटी लावली, 'ही बारावी सोनी आहे.' मुलांनी फारसं मनावर घेतलं नाही. दोघातिघांनी आधीच्या अकरांची नावं विचारली.

पारू मात्र बदलली. दर शनिवारी यायची, मेघनाबरोबर चित्रं काढायची, मातीचे गोळे आपटायची, बरी होत होती. झोप लागायला लागली, शाळेत जायला लागली. पण बाता बंद. एकदा मी मुद्दाम विचारलं, "काय गं, काकाच्या जाळ्यात काय आलं?" ती म्हणाली, "बोंबील." आणि बास. ज्याने त्याने 'खरं ना?' विचारून विचारून तिला इतकी खरी करून टाकली होती की मला तिच्या जुन्या बाता आठवायच्या. मेघनाला ती महिन्यातून एकदा तरी विचारायची, "आईला खरं वाटतं का?" मेघना म्हणायची, "आईलाच विचारूया." तेव्हा ती नको म्हणायची.

हिराबाई बाहेर बसून असायची. मी तिला परोपरीने सांगितलं, की तुम्हाला तपास करायचा नाही, तो पोलीस करतात. तुम्ही फक्त तिला म्हणा, माझा विश्वास आहे. ती म्हणायची, "मना तसं बोलता नाय येत बाय. आणि तो आमच्या घरातलाच होता ना." त्याचा टेम्पो तिने बंद केला होता, बर्फाच्या गोणी स्वतः आणायची, हात बर्फाने फुटलेले दिसायचे. पण पोरीशी त्या विषयावर एक शब्द नाही.

वर्ष उलटून गेल्यावर कोर्टाची तारीख लागली. त्याआधी आम्ही सराव केला. उत्तरांचा नव्हे, ते पाप आहे, फक्त जागेचा. कोण कुठे बसतं, पडदा कुठे असतो, तो माणूस दिसणार नाही, वकिलाचा प्रश्न न्यायाधीश बाईंच्या तोंडून येईल. मी काळी शाल पांघरून न्यायाधीश झाले. पारूने मला सांगितलं की मी नीट बसत नाही.

प्रत्यक्ष कोर्टात मी तिच्या बाजूच्या खुर्चीवर. त्या माणसाच्या वकिलांनी आधी विचारायला लावलं, "हे सगळं तुला केंद्रातल्या बाईंनी शिकवलं ना?"

पारू म्हणाली, "त्यांना मासापण ओळखता येत नाय. त्या काय शिकवणार?"

न्यायाधीश बाईंना कागदात बराच वेळ काहीतरी शोधावं लागलं. मी मान खाली घातली. पण मग पुढचा प्रश्न आला. "माशाच्या पोटात चालू टीव्ही निघाला असं तू केंद्रात सांगितलं होतंस का?" मी हौसेने लिहिलेलं ते पान वकिलांच्या हातात होतं. एवढी वर्षं मुलांच्या गोष्टी ऐकून मला एवढं कळू नये, की हसत हसत लिहिलेलं कुणी दात ओठ खाऊन वाचू शकतं?

पारूने माझ्याकडे पाहिलं नाही. "हो," ती म्हणाली. "ती गंमत होती. ही गंमत नाय." न्यायाधीश बाईंनी ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलं.

हिराबाईची साक्ष दुसऱ्या दिवशी. तिला विचारलं, मुलगी बाता मारते का? ती म्हणाली, "मारते." पुढे काही बोलायला तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बाहेर आल्यावर ती भिंतीशी कितीतरी वेळ उभी होती. त्या एका शब्दासाठी तिला किती वाईट वाटलं असेल, ते मला तिच्या पाठीवरून कळत होतं. पण मला तिचा रागही आला होता.

निकाल आमच्या बाजूने लागला. त्याला शिक्षा झाली. मी पेढे आणले आणि मेघनाने ते आतल्या खोलीत ठेवले, कारण मुलाला बक्षीस मिळालं असं वाटता कामा नये. ते जाधव मॅडमनी संपवले.

केस संपली की मुलाचा आमच्याकडचा शेवटचा शनिवार असतो. आपल्याला त्याने विसरून जावं, अशी अपेक्षा ठेवणारा हा धंदा आहे. पारूचा शनिवार आला, अकरा वाजले, बारा वाजले, मायलेकींचा पत्ता नाही. मी दहा वेळा जिन्यात डोकावून आले. साडेबाराला दोघी आल्या, घामाघूम, हिराबाईच्या डोक्यावर रिकामी टोपली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "का गं इतका उशीर?"

पारूने आईकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे.

"काय झालं माहितीये? धक्क्यावरून टॅक्सी केली. पाटीतला खेकडा निघाला बाहेर, आणि गेला ड्रायव्हरच्या मांडीवर. ड्रायव्हर घाबरून हात वर करून बसला. मग खेकड्यानेच स्टिअरिंग धरलं. रे रोडपर्यंत त्यानेच चालवली. सिग्नलला थांबलापण."

मेघना दारात उभी राहून ऐकत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा पारूने थाप मारली होती. मला रडू आलं. पण त्याहून जास्त मला भीती वाटली, आणि मी हिराबाईकडे पाहिलं.

हिराबाईने टोपली खाली ठेवली, बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं.

"रे रोडपर्यंत नाय गं," ती म्हणाली. "पार लालबागपर्यंत. मी मागं बसलेली ना."